लोणारचा वांटा

ज्या वस्तूवर कोणाचाच हक्क नाहीं तिच्यापेक्षां, जिच्यावर अनेकांचा खरा हक्क पोंचतो तिचें रक्षण करणें अधिक कठीण असतें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट विशेष प्रत्ययास येते. अशनिपातानें काळ्या कातळांत झालेला हा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा भूशास्त्रज्ञास अमोल वाटतो. विष्णूनें लवणासुराचा वध केला तें हेंच स्थान, अशी भाविकाची श्रद्धा. दैत्यसूदनाच्या मंदिरांतील शिल्पें पाहून रसिकाची मान डोलते. आणि खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीव व काठच्या रानांतले मोर यांचें तर हें घरच. इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. परंतु आईन-इ-अकबरींत त्याचा उल्लेख त्यापूर्वींच आलेला आहे, आणि गांव तर त्याहूनही जुनें.

आतां या सर्वांचे हक्क एकमेकांस आडवे आले तर कोणाचें ऐकावें? धारेवरील स्नानाचेंच उदाहरण घेऊं. गोड्या पाण्याच्या त्या झऱ्याखालीं स्नान करणें हें पिढ्यान्‌पिढ्या पुण्यकर्म मानलें गेलें. परंतु स्नानाचा साबण व गांवचें सांडपाणी सरोवरांत उतरूं लागलें, तेव्हां त्याच्या क्षारधर्मासच अपाय होऊं लागला. येथें "पूर्वापार चालत आलें आहे" एवढें समर्थन पुरत नाहीं. पूर्वजांच्या स्नानांत ना इतकी गर्दी होती, ना हा साबण. आचार तोच राहिला तरी त्याचा परिणाम बदलला, आणि परिणाम बदलला कीं कर्तव्यही बदलतें.

आमच्या मतें येथें कसोटी एकच: जी हानि भरून येते ती सोसावी, जी भरून येत नाहीं ती टाळावी. प्रवाशाची निराशा उद्यां भरून निघेल. भाविकास स्नानाची दुसरी सोय करून देतां येईल. परंतु सहस्रावधि वर्षांत सिद्ध झालेलें पाणी एकदां बिघडलें तर तें कोणत्या कारखान्यांत घडवावें? इ. स. २०२० च्या जूनमध्यें तें पाणी गुलाबी झालें, तेव्हां बहुतेकांनीं त्यांत नवल पाहिलें. क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला, हें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखवून दिलें.

तथापि या कसोटीस एक पुरवणी जोडल्यावांचून ती न्याय्य ठरणार नाहीं. इ. स. २००० मध्यें येथें अभयारण्य झालें, २०२० मध्यें रामसर स्थळाचा मान मिळाला. मान साऱ्या जगाचा, बंधनें मात्र गांवाचीं! घटकाभर पाहून जाणाऱ्यानें संयमाचा उपदेश करावा आणि त्याची किंमत गुराख्यानें व टपरीवाल्यानें द्यावी, हा धर्म नव्हे. म्हणून येणाऱ्याच्या पैशांतून प्रथम गांवचें सांडपाणी शुद्ध व्हावें, गांवच्याच मुलांस वाटाड्यांचें काम मिळावें, आणि मगच गांवकऱ्यांस नियम सांगावे. निसर्गाचें रक्षण करतांना शेजाऱ्यावर अन्याय झाला, तर तें रक्षण फार दिवस टिकत नाहीं.