वाट ठाऊक नसलेला वाटाड्या

ज्या मनुष्यास आपल्या आयुष्याची दिशा दिसेनाशी झाली आहे, त्यानें इतरांच्या पुढें चालावें कीं नाहीं? हा प्रश्न पुष्कळांस पडत असेल. पण तो उघड विचारण्याचें धैर्य थोड्यांनाच होतें. खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंस तर तो विशेष जड जातो. मंडळी त्यांच्या तोंडाकडे पाहत असते, आणि त्यांचें स्वतःचें मन कित्येक दिवस धुक्यांत असतें. दोन वर्षें हाच प्रश्न आम्हांसही छळीत होता. त्याचें उत्तर आम्हांस कोंकणच्या किनाऱ्यावर, बरोबरच्या वाटसरूंकडून मिळालें; तें येथें मांडितों.

आमचें वय चाळिशीच्या पुढें गेलें आहे. सेमिनरींतून बाहेर पडलों त्या वेळीं पुढची वाट स्वच्छ दिसत होती. अलीकडे मात्र उपदेश तयार करावयास बसलें म्हणजे मन विचारी, ‘हें सर्व कोठें चाललें आहे? येथेंच राहावें कीं दुसरें कांहीं काम पाहावें?’ उत्तर येत नसे. तरी रविवारीं उभे राहून, जणूं सर्व कांहीं ठाऊक आहे अशाच स्वरानें आम्ही बोलत असूं.

अशा मनःस्थितींत शिमग्याच्या पौर्णिमेच्या सुमारास आम्ही पांच जण बाणकोटाहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेकडे पायीं निघालों. सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते तेथें हें गांव आहे. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीनें या प्रांतीं आपलें काम येथेंच आरंभिलें, म्हणून तें पाहण्याची इच्छा फार दिवसांची होती. आमच्यांत एक निवृत्त गुरुजी होते, एक उपदेशक होते, आणि शिक्षण संपूनही नोकरी न लागलेले दोन तरुण होते. वेळास येथें एक कोळी आजीबाई आम्हांस मिळाल्या. त्यांस केळशीच्या खाडीच्या अलीकडे दिलेल्या लेकीकडे जावयाचें होतें. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमची सोबत झाली म्हणजे बरें.”

वेळासच्या वाळूंत समुद्रीं कासवें अंडीं घालतात. २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन त्या अंड्यांची राखण चालविली. एकेका घरट्यांत शंभरावर अंडीं असतात, व सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें बाहेर निघतात. त्यांस वाट दाखविण्यास आई जवळ नसते. अंधारांतही समुद्राकडची क्षितिजाची कड जमिनीपेक्षां किंचित् उजळ असते; त्या अंधुक उजेडाकडे तीं सरपटत जातात. परंतु किनाऱ्यावर एखादा झगझगीत दिवा असला, तर तीं त्यालाच भुलून उलट जमिनीकडे वळतात व मरतात. गांवकऱ्यानें हें सांगितलें तेव्हां आम्हांस मौज वाटली. त्यांतील बोध दुसऱ्या दिवशीं कळावयाचा होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाळू संपून खडक लागले, आणि वाट फुटली. एक पायवाट चढून वर सड्यावर जात होती. दुसरी खालून, पाण्याच्या कांठानें, खडकांवरून जात होती. आम्ही पुढें होतों. मागून एका तरुणानें विचारिलें, “पाळकसाहेब, कोणती वाट?” आम्हांस ती मुळींच ठाऊक नव्हती. तथापि पुढें चालणारानें ‘ठाऊक नाहीं’ कसें म्हणावें, अशी लाज वाटून आम्ही ठासून म्हणालों, “खालची.”

अर्धा तास गेला असेल नसेल, तोंच आजीबाई उभ्या राहिल्या व पाण्याकडे पाहून म्हणाल्या, “भरती लागली. पुनव आतांच झाली, उधाणाचें पाणी आहे. पुढें जागा राहणार नाहीं.” अष्टमीस भांग व पुनवेअवसेस उधाण, हें गणित त्यांस तिथीवरून तोंडपाठ होतें. आम्ही घाईनें मागें फिरलों. आलों तेव्हां कोरडे असलेले खडक आतां ओले झाले होते. गुरुजींचा पाय घसरून घोटा मुरगळला. आणखी थोडा उशीर होता तर काय झालें असतें, हें सांगवत नाहीं.

वर सड्यावर जाऊन बसल्यावर आजीबाईंस आम्हीं विचारिलें, “हें आधींच कां नाहीं बोललांत?” त्या म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले. इतक्या खात्रीनें बोललांत. मला वाटलें, तुम्हांस माझ्याहून अधिक ठाऊक असेल.” मग तो तरुण हळूच म्हणाला, “साहेब, ठाऊक नव्हतें तर तसें सांगावयाचें होतें. आम्हीं सर्वांनीं मिळून पाहिलें असतें.”

प्रिय वाचकहो, त्या दोन वाक्यांनीं आमचे डोळे उघडले. आम्ही वाळूवरचा तो दिवा झालों होतों. अंधारानें त्या पिलांचा घात होत नाहीं. खोट्या उजेडानें होतो. आमच्या अज्ञानानें गुरुजींचा पाय मुरगळला नाहीं. आमच्या खोट्या खात्रीनें मुरगळला. आजीबाईंपाशीं खरें ज्ञान होतें, पण आमच्या आवाजानें तें दाबून टाकिलें.

तेथेंच आम्हीं सोबत्यांपाशीं सर्व कबूल केलें. वाटेविषयींचें केलें, आणि आयुष्याविषयींचेंही केलें. कोणी उठून गेला नाहीं. आजीबाई पुढें झाल्या, तरुणांनीं गुरुजींस दोहों बाजूंनीं आधार दिला, उपदेशकांनीं सर्वांचें ओझें वांटून दिलें, आणि लंगडणाऱ्याच्या चालीनें सर्व चालले. दिवस मावळतां आम्ही खाडीच्या कांठीं पोहोंचलों.

कोणी म्हणेल, ज्यास दिशा नाहीं त्यानें घरीं बसावें. हें आम्हांस मान्य नाहीं. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हां आपण कोठें जात आहों हें त्यास कळलें नव्हतें; तरी त्याचें निघणें विश्वासाचें गणिलें गेलें. पण मला सर्व ठाऊक आहे असें त्यानें बरोबरच्यांस भासविल्याचें शास्त्रांत कोठें नाहीं. बाणकोटास आलेल्या मिशनऱ्यांचेंही तसेंच. कांहीं वर्षांनीं तें ठाणें मागें पडलें व काम मुंबई-पुण्याकडे गेलें. १८२९ सालीं आलेले जॉन विल्सन याच किनाऱ्यावर मराठी शिकले, आणि पुढें तीच भाषा मुंबईंत त्यांच्या जन्माच्या कामास आली. किनाऱ्यावर शब्द घोकीत असतां ही पुढची वाट त्यांस कोठून दिसणार?

तेव्हां आमचा निर्णय असा आहे. दिशा न दिसणें हा दोष नव्हे. दिसते असें भासविणें हा दोष आहे, आणि दिसत नाहीं म्हणून सोबत्यांस सोडून देणें हाही दोष आहे. आपल्या भाषेंत वाट चुकणें आणि वाट पाहणें हीं दोन वेगळीं आहेत. भरतीच्या वेळीं सड्यावर बसलेला मनुष्य चुकलेला नसतो, थांबलेला असतो. मात्र त्यानें भरतीस ओहोटी म्हणूं नये.

परत आल्यावर पहिल्याच रविवारीं आम्हीं मंडळीस हें सर्व सांगितलें. उपासना संपल्यावर एक वृद्ध शेतमजूर मागें राहिले. ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझेंही मन चार वर्षें असेंच आहे. पण तुमची खात्री पाहून बोलावयाची लाज वाटे.” चार वर्षें! आमच्या दिव्यानें किती जण उलट वळले असतील, हें देव जाणे.

आम्हांस आमची पुढची वाट अद्याप दिसलेली नाहीं. पण आतां दर गुरुवारीं सायंकाळीं तो वृद्ध व आम्ही एकत्र बसतों, आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें म्हणून प्रार्थनेस आरंभ करितों. उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवींही असा कोणी तुमच्या तोंडाकडे पाहून गप्प बसला असेल. आधीं त्याच्याकडे जा.