खिशातले पत्र

बडनेरा जंक्शनवरचा भोंगा दिवसभर बोलत असतो. ‘गाडी वेळेवर आहे’ म्हणतो आणि गाडी तासाभराने येते. पण त्याला कधी ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाल्याचे ऐकिवात नाही. आम्ही मास्तर मंडळी मात्र फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ लिहितो आणि संस्थेचे सचिव दिसले की खडूसारखे पांढरे पडतो!

एका पावसाळ्यात आमची शाळा गळत होती. वर्तमानपत्राला पत्र लिहिले, ते खिशातच राहिले. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या पिकरिंग मास्तरांनी मात्र शाळेच्या खर्चावर टीका करणारे पत्र खरोखरच छापायला दिले. नोकरी गेली, १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडेही १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळेतल्या बडतर्फ शिक्षकाला तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. म्हणजे गेलेली भाकरी कायदा परत मिळवून देईलही. पण गिळलेला शब्द कोण परत देणार?

त्याच पावसात, गळक्या वर्गात एका पोराने विचारले, “गुरुजी, खरं बोललो अन् मार बसला तं?”

“तरी बोलावं,” मी म्हणालो, आणि हात आपोआप खिशाकडे गेला.