अजाणतेपणी मिळालेला नफा

२००९ सालच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एक सेवानिवृत्त शिक्षक मला भेटावयास आले. कन्येच्या लग्नासाठी त्यांनी आदल्या पावसाळ्यात ‘सत्यम कॉम्प्युटर्स’चे आपले सर्व शेअर्स चांगल्या भावाने विकले होते. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी त्या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र प्रसिद्ध झाले आणि त्या एका दिवसात भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. ‘‘फादर, ज्याने माझे शेअर्स घेतले त्याचे काय झाले असेल? हा पैसा माझा म्हणावा का?’’

बुडालेल्यांचे सांत्वन आम्ही नेहमीच करतो. वाचलेल्याने असा प्रश्न विचारावा, हे मला नवीन होते.

राजूंच्या पत्रातील आकडे आजही थक्क करतात. सप्टेंबर २००८ अखेर रोख व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीत कामकाजातून मिळालेला नफा ६४९ कोटी दाखविला, प्रत्यक्षात तो होता ६१ कोटी. त्याच सप्टेंबरात ह्या कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता! (तो नंतर काढून घेण्यात आला.) जे हिशेबतपासनीसांना दिसले नाही, ते एका शाळामास्तराने कसे ओळखावे?

खऱ्या आणि दाखविलेल्या नफ्यातील अंतर आरंभी किरकोळ होते, ते वर्षानुवर्षे वाढत गेले, असेही त्या पत्रात आहे. मला हे वाक्य त्या कोटींहून अधिक अस्वस्थ करते. दर तिमाहीला मागच्यापेक्षा अधिक नफा हवा, असा बाजाराचा हट्ट असतो. आणि सकाळी वर्तमानपत्र उघडून प्रथम भाव पाहणारे आपण त्या बाजाराबाहेरचे नसतो.

सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र मी गुरुजींना सांगितले. लबाडीने घेतलेले परत करणे बंधनकारक आहे. सद्भावनेने, चालू भावाने विकणाऱ्यावर ते बंधन नाही. दोष खोटे हिशेब लिहिणाऱ्यांचा. (२०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली.) शिवाय शेअर बाजारात खरेदीदाराचे नाव विक्रेत्याला कळत नाही; परत करायचे तरी कोणाला?

‘‘आणि नाव कळले असते तर?’’ त्यांनी विचारले.

नियम काही नावाने बदलत नाही. पण तसे सांगण्यास माझी जीभ रेटेना.

पुढे ती कंपनी ‘टेक महिंद्रा’कडे गेली आणि २०१३ साली तिच्यात विलीन झाली. गुरुजींचे शेअर्स घेणारा तोवर थांबला असेल, तर काही अंशी सावरलाही असेल. की ७ जानेवारीलाच घाबरून त्याने ते मिळेल त्या भावाला विकून टाकले, हे आम्हां दोघांनाही कधी कळावयाचे नाही.