भिडू

बसवनगुडीतल्या आमच्या घरात रात्री दहानंतर चार भाषा ऐकू येतात आणि बोलणारा मात्र एकटाच असतो. शिकायला सांगलीहून आलेला माझा एकोणीस वर्षांचा भाचा बीजीएमआय खेळत असतो. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी तो खेळ या नावानं परतला. चौघांचा संघ. एकाशी हिंदी, दुसऱ्याशी ‘बेग बा’ म्हणजे ‘लवकर ये’, इंग्रजीत हुकूम आणि हरल्यावर मराठी. या खेळांनी मुलं माणूसघाणी होतात, असं मला म्हणवत नाही. गांधी बझारात भाजी घेताना तो आता माझ्याआधी कन्नड बोलतो.

खेळातला एक नियम मला आवडतो. गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही, रांगत राहतो. भिडूनं शेजारी बसून त्याला उठवायचं असतं. तेवढे काही सेकंद उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. मदत म्हणजे स्वतः उघड्यावर येणं, हे यात नेमकं पकडलं आहे.

एका रात्री हेडफोन बिघडला होता, म्हणून आवाज खोलीभर येत होता. चौथा गडी अनोळखी, यंत्रानं जोडून दिलेला. कोवळा आवाज सारखा विचारत होता, “दादा, कुठं जाऊ?” भाच्यानं त्याचा आवाज बंद केला. पुढं तो पडला. पडद्यावर खूण दिसत होती, तरी कुणी गेलं नाही. उरलेले तिघं अप्रतिम खेळले आणि जिंकले.

“त्याला उठवलं का नाहीस?”

“मावशी, तो आमचा नव्हता गं. रँडम होता.”

संघभावना तिथं काठोकाठ होती. ती चोरांच्या टोळीतही असते. प्रश्न असतो तो भिडू कुणाला म्हणायचं, हा.

आमच्या गल्लीत लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेत. तो बाद होत नसे. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि थांबले. त्यात दयेपेक्षा धाक जास्त होता. धाकट्याला सोबत नेलं नाही, तर आई घराबाहेर पडू देत नसे. शिवाय पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही कधी हाकच मारली नाही. आवाज बंद करायला आम्हांला बटण लागत नव्हतं.

भाच्याचा खेळ निदान न मागता एक अनोळखी माणूस हातात देतो. त्याची जात, गाव, घर काही कळत नाही. आमच्या गल्लीनं अशी संधी कधीच दिली नाही. पण संधी देणं एवढंच खेळाचं काम. त्या माणसाजवळ बसायचं की नाही, हे खेळ शिकवत नाही.

‘रँडम’ला मराठीत काय म्हणतात, असं भाच्यानं नंतर विचारलं. कोशात ‘यादृच्छिक’ आहे. मी म्हटलं, “वाट्याला आलेला.”

तो हसला नाही. बरं वाटलं.