भोजनमंडप

घाई नसेल तेव्हाच हे वाचा. शक्यतो जेवणाआधी, पोटात थोडी भूक असताना.

मनाने नारायणगावात या. रस्त्याकडेचं साधं हॉटेल, बाहेर मासवडीची पाटी. जुन्नर आणि आंबेगावात अशी पाटी शोधावी लागत नाही. नारायणगावला असते तशी मंचरला, घोडेगावच्या वाटेवरही असते. आत येऊन बसा. पाठ टेकवा. ताट येईल, पण लगेच हात घालू नका.

आधी नुसतं बघा. बाजरीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड. वाटीत काळपट लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. शेजारी मासवडीचे काप: बाहेर बेसनाचं पिवळं आवरण, आत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं खमंग सारण. मासा कुठेच नाही. नावाला आणि आकाराला तेवढा मासा, आणि समुद्र तर घाट उतरून कितीतरी लांब.

आत चुलीपाशी ती कशी होते तेही डोळ्यांपुढे आणा. पिठल्यासारखं घट्ट शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर ओतलं जातं आणि पाण्याचा हात लावून भराभर थापलं जातं. वर सारण पसरलं की फडक्याची कड उचलून घडी घालायची, तळव्यांनी दाबत दाबत माशाच्या पाठीसारखा उंचवटा आणायचा. हे सगळं बेसन गरम आहे तोवरच. निवलं की ते वळत नाही, तडकतं. म्हणजे तुमच्या पुढ्यातल्या प्रत्येक कापासाठी कुणाच्या तरी बोटांनी चटका सोसला आहे. या एका गोष्टीपाशी जरा थांबा.

आता एक काप रश्शात बुडवा. तोंडात ठेवा. हळू चावा.

आधी तीळ लागतो, मग खोबऱ्याचा गोडवा, मग लसूण. आणि मागून, जिभेच्या कडांनी, तिखट चढत येतं. पाण्याच्या पेल्याकडे हात गेला असेल तर मागे घ्या. तिखट ही खरं तर चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच संवेदकाला जागं करतं, जो उष्णतेने जागा होतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. ‘तोंड भाजलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा शरीरालाही तसंच वाटत असतं. तो जाळ पाण्यात विरघळत नाही. त्याला येऊ द्या, जाऊ द्या. श्वास नाकाने घ्या आणि तो कुठून कुठे सरकतो तेवढं पाहा.

त्या जाळाचं बोट धरून आता लांब जाऊ. फुकेतचा किनारा, संध्याकाळ, अंदमानच्या समुद्रावरून येणारा दमट वारा. वाळूतच मांडलेल्या खुर्च्या. मी तिथे बसले होते तेव्हा सगळ्यात आधी एक आवाज ओळखीचा वाटला होता. खलात लाकडी दांडा पडतोय: पोक, पोक, पोक. एक बाई लसूण आणि इवल्याशा मिरच्या ठेचत होती. माझ्या आजीचा ठेचाही असाच ऐकू यायचा. मग खलात ताडगूळ पडला, लिंबू पिळलं गेलं, माशाच्या खारवणाचा रस, टोमॅटो, शेंगदाणे, आणि कच्च्या पपईचा लांब लांब कीस. सोम तम. मूळचा हा पदार्थ किनाऱ्यावरचा नाहीच. तो ईशान्येकडच्या ईसान भागातून आणि पलीकडच्या लाओसमधून आलेला. पण पर्यटक असतील तिथे तो पोचला, जशी आपली मासवडी हायवेवर आली.

घास घ्या. आंबट, गोड, खारट आणि तोच जाळ. कपाळावर घाम येतो आणि वारा लागला की थंड वाटतं.

तिथली माणसं सहज भेटली तरी विचारतात, ‘किन खाव रू यांग?’ भात खाल्लास का? आपल्याकडे ‘जेवलात का?’ विचारतात, तसंच. हॉटेलच्या पाटीवरचे शब्द वाचायचे ‘रान आहान’. रान म्हणजे दुकान, आणि आहान म्हणजे आपला आहार. चवीला शब्द ‘रोत’. तो आपला रस. परक्या लिपीमागे हे शब्द बसलेले कळले तेव्हा मला भरून आलं होतं.

आणि मिरची? ती ना त्यांची, ना आपली. अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या राजधानीत, अयुथयेत पोचला. त्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर मिरची पूर्वेच्या किनाऱ्यांवर पसरत गेली. तोवर आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. नव्या पाहुणीला आपण मिरीवरूनच नाव दिलं, मिरची. थाई लोकांनी मिरीचं ‘फ्रिक’ हे नावच मिरचीला देऊन टाकलं आणि जुन्या मिरीला वेगळं ओळखता यावं म्हणून ‘फ्रिक थाय’ म्हणू लागले. टोमॅटो, शेंगदाणा, पपई यांचीही हीच कहाणी. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या बघताना तो कधीकाळी इथला नव्हता हे मनाला पटत नाही.

आता परत जुन्नरला या, पण आणखी मागे. मिरचीच्याही दीड हजार वर्षं आधी. कोकणातून नाणेघाट चढून माल येतोय. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं इथली माणसं सांगत आली आहेत. खाली गावाभोवतीच्या डोंगरांत छिन्नीचे आवाज. लेणी कोरली जाताहेत, आणि खर्च उचलणाऱ्यांत काही यवन आहेत, समुद्रापलीकडच्या मुलखाशी नातं सांगणारे. त्यांतल्या चित नावाच्या यवनाने इथल्या भिक्षुसंघाला दान दिलं ते भोजनमंडपाचं. जेवायला बसण्याच्या जागेचं. ब्राह्मी अक्षरांत ते कोरलेलं आहे.

परमुलखातल्या माणसाला दान द्यावंसं वाटलं, आणि त्याला सुचलं काय, तर पंगत. मला जुन्नरच्या साऱ्या वैभवात ही ओळ सर्वांत जवळची वाटते. त्या मंडपात कोण कोण बसलं असेल? हातात काय पडलं असेल? मिरची नक्कीच नव्हती. भात असेल.

फुकेतला पहाटे भगवी वस्त्रं घातलेले भिक्षू अनवाणी रांगेने निघतात. दारात गुडघे टेकून बसलेली बाई पात्रात गरम भात घालते. तिथे याला ‘बिन्थबात’ म्हणतात. पालीतला पिंडपात. घालणारी आणि घेणारा, दोघंही काही बोलत नाहीत. मग तो मंत्र म्हणतो आणि ती हात जोडून ऐकते.

ते दृश्य डोळ्यांपुढे धरून ठेवा. मग सावकाश सोडा.

तोंडातला जाळ आता उतरला असेल. ओठ थोडे चुरचुरत असतील. भाकरीचा तुकडा मोडा, नुसताच चावा. बाजरीचा गोडवा आत्ता लागेल, मघाशी लागला नसता. टेबलापाशी एक पोरगा रश्शाचं भांडं आणि पळी घेऊन उभा आहे. तुमची वाटी रिकामी झालेली त्याने तुमच्याआधी पाहिली आहे.

‘वाढू का अजून?’

वाटी पुढे करा.