ढिगाऱ्यामागचा माणूस

वाचन : लूक 12:13-21, योहान 6:1-13



कोठारे वाढवणाऱ्या धनवानाचा दाखला आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु हाच दाखला चुकीच्या दारी नेला, तर भाकरीऐवजी दगड दिल्यासारखे होते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

आमच्या मंडळीतील एका वृद्ध भगिनींच्या घरात रद्दी, रिकामे डबे व जुनी लुगडी यांमुळे चालावयास वाट उरली नव्हती. शेजारी किल्ली ठेवून त्या गावी गेल्या असता आम्ही तरुणसंघाची मुले नेऊन घर साफ केले, आणि त्यास सेवा म्हटले. परतल्यावर त्या उंबऱ्यावर बसून रडल्या. कित्येक महिने उपासनेस आल्या नाहीत. घर मात्र पुन्हा भरले.

पुढे एका डॉक्टरांनी समजावले की, हा लोभ नव्हे, आळसही नव्हे. हा मनाचा आजार आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. वस्तू टाकताना अशा माणसाचा जीव कासावीस होतो.

न्यूयॉर्कचे होमर व लँग्ली कॉलियर हे भाऊ 1947 साली आपल्याच घरातील ढिगाऱ्यांत मृत सापडले. तेथून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. त्यात वर्तमानपत्रांचे असंख्य गठ्ठे होते. होमर आंधळा झाला होता. दृष्टी परत आल्यावर त्याला वाचता यावे, म्हणून लँग्ली ती जपून ठेवी. जगाला रद्दी दिसली. तिच्यात भावाची आशा होती.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही वाया जाऊ दिले नाहीत. मग तो माणसाला कसा टाकील?

म्हणून विचारल्याविना एकही वस्तू हलवू नये. चेष्टा करू नये, शाब्बाथ शाळेतील मुलांनाही करू देऊ नये. आग लागण्याचा व पडण्याचा धोका असतो, यास्तव प्रथम चुलीजवळची जागा आणि दाराची वाट मोकळी करण्यास प्रेमाने राजी करावे. काय ठेवावे, काय द्यावे, हे त्यांनीच ठरवावे. आपण शेजारी बसावे. मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जावे. विचार व सवयी हळूहळू बदलणाऱ्या उपचाराने पुष्कळांना गुण येतो.

त्या भगिनींची क्षमा मागून मी व माझी पत्नी आता दर शनिवारी त्यांच्याकडे जातो. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एक खुर्ची मोकळी केली व म्हणाल्या, "बसा रे बाळांनो."

त्या एका खुर्चीसाठी आम्ही देवाचे आभार मानले. आमेन.