तीन अक्षरांची बैठक

काल रात्री डब्लिनहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, तिसऱ्यांदा दूध नासलं गं. दही सेटच होत नाही."

मी सवयीने दुरुस्ती केली, "दही सेट काय होतंय? दही लागतं."

"तेच ते. लागत नाही म्हणजे सेट होत नाही!"

मग तिला सांगितलं : करंगळीला सोसेल इतपतच दूध कोमट ठेव. चमचाभर विरजण नीट ढवळ. भांडं टॉवेलात गुंडाळ, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेव आणि सकाळपर्यंत हात लावू नकोस. "सारखं उघडून बघतेस ना?" पलीकडे शांतता. म्हणजे बघत होती.

फोन ठेवला, पण 'सेट' डोक्यातून जाईना. आपल्याच घरात हा शब्द किती ठिकाणी वावरतो! कपाटात पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला चहाचा सेट, लॉकरमध्ये लग्नातला दागिन्यांचा सेट, एके काळी दिवाणखान्यात मानाने बसलेला टीव्ही सेट. टेनिसमध्ये सेट, नाटक-सिनेमात सेट, हॉटेलात सेट डोसा. अमक्याचा मुलगा बंगलोरला सेट झाला आणि तमक्याची वरपर्यंत सेटिंग आहे, हेही त्याच पंगतीतलं. प्राध्यापकीसाठी द्यायची 'सेट' परीक्षा तेवढी वेगळी. ती नुसत्या आद्याक्षरांची.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद कुठल्या भारदस्त शास्त्रीय संज्ञेची नव्हती, ती होती 'सेट' या क्रियापदाची. 430 अर्थ, सुमारे 60,000 शब्दांचा मजकूर. आत्ता तुम्ही वाचताय तशा पन्नासेक चिंतनिका एकापुढे एक ठेवल्या, तर तेवढा मजकूर होईल. पुढे कोशाची सुधारणा सुरू झाली आणि 'रन' या क्रियापदाने 645 अर्थ काढून 'सेट'ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकारांचे त्या एका शब्दात नऊ महिने गेले. पळणाऱ्याने बसलेल्याला मागे टाकलं, यात नवल नाही म्हणा.

बसलेला म्हणते, कारण 'सेट' मुळात बसण्याच्याच घरातला. जुन्या इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणं आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणं. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे या आपल्या जोड्या कुणी न शिकवता समजतात. इंग्रजीत असल्या जोड्या थोड्याच उरल्यात आणि बोलणाऱ्याला त्यांचं नातं सहसा जाणवतही नाही. 'सेट'च्या जागी 'बसवणे' ठेवून पाहिलं की त्या लांबलचक नोंदीतलं बरंच काही आपोआप उलगडतं. सोनार कोंदणात खडा बसवतो, डॉक्टर हाड बसवतो. दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. बाकी ठिकाणी मात्र मराठीने कामं वाटून दिली आहेत. गजर लावायचा, सापळा लावायचा, गाण्याला चाल लावायची, ताटं मांडायची, तारीख ठरवायची, प्रश्नपत्रिका काढायची. सूर्याने मावळायचं. इंग्रजीत ही सगळी ओझी त्या एकाच हमालाच्या डोक्यावर.

याच्याही मागे गेलं की आपली माणसं भेटू लागतात. 'सिट' आणि संस्कृतातला 'सद्' हा धातू एकाच मुळाचे. संस्कृतात जिथे द, तिथे इंग्रजीत पुष्कळदा ट येतो : दश आणि टेन, द्वि आणि टू. तसंच सद् आणि सिट. सगळे एकत्र बसतात ती संसद. गुरूच्या जवळ बसून जे मिळवायचं ते उपनिषद. पक्षी खाली येऊन बसतो ते नीड. इंग्रजीतलं 'नेस्ट' आणि हे आपलं नीड मुळात एकच. मजा म्हणजे ज्याने आपण रोज बसतो तो 'बसणे' हा शब्द मात्र या घरातला नाही. तो 'उपविश्'पासून 'बैसणे' होत होत आपल्यापर्यंत आलेला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण चहाचा सेट या घरातला नाहीच! संच, गट या अर्थाचा 'सेट' इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा', म्हणजे एखाद्याच्या मागून जाणारी मंडळी. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. मागून जाणं, सोबत असणं हा अर्थ संस्कृतात 'सच्' या धातूत आहे आणि 'सचिव' हा शब्द त्यातूनच घडला. आधी सोबती, मग सल्ला देणारा, मग राज्याचा अधिकारी. शिवरायांच्या अष्टप्रधानांतले सचिव तेच आणि मंत्रालयातले सचिवही तेच. म्हणजे या तीन अक्षरांच्या एका बाजूला संसद बसली आहे आणि दुसऱ्या बाजूला सचिव. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द उच्चाराने सारखे झाले, शेजारी राहू लागले आणि राहता राहता इतके मिसळले की एखादा अर्थ नेमका कुणाचा, हे सांगताना जाणकारही अडखळतात. कपबश्यांचा संच एकमेकांच्या मागून आला की एकत्र बसवला गेला? विचारणार कुणाला?

हे वाचून इंग्रजीचं फार कौतुक वाटायच्या आत आपल्या 'बसणे'कडेही जरा बघावं. विश्वास बसतो आणि धक्काही बसतो. झाकण बसतं, घसा बसतो, दातखीळ बसते, दंड बसतो. भाजीवाल्याला विचारावं, "सगळे मिळून किती बसले?" धंद्यात जम बसला तर पेढे वाटायचे, धंदाच बसला तर कुणाला तोंड दाखवायचं नाही. तेच क्रियापद, अर्थ मात्र थेट उलटा. आणि शनिवारी संध्याकाळी मित्राने खालच्या आवाजात "बसायचं का?" विचारलं, तर तो सतरंजीबद्दल बोलत नसतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

असं का होतं? 'मूत्रपिंड' या शब्दाला एकच काम आहे. तो ते चोख करतो आणि घरी जातो. 'बसणे' किंवा 'सेट' यांना स्वतःचं म्हणून फारसं काही नसतं. ज्याच्या शेजारी बसतील त्याचा रंग घेतात. घशाशेजारी बसले की आजारी, विश्वासाशेजारी बसले की थोर. शब्दाला अर्थ मिळतो तो शेजाराने. कुणाहीजवळ मांडी घालून बसायची ज्याची तयारी असते, त्याचं पान कोशात लांबत जातं.

यातला विरोधाभास मला गमतीचा वाटतो. 'सेट' म्हणजे पक्कं, ठरलेलं, न हलणारं. आणि सगळ्या कोशात इतका न ठरलेला, इतका हलता शब्द शोधून सापडायचा नाही. 'अपसेट' घ्या. मुळात त्याचा अर्थ उभं करणं, उभारणं. पुढे तो पालथं करणं झाला आणि आज तो मनाची अवस्था सांगतो.

आपण मात्र 'सेट होणं' म्हणजे प्रवास संपणं असं धरून चाललो आहोत. शिकलात, नोकरी लागली, घर झालं : झालात सेट. भाचीला गेली दोन वर्षं प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक व्हिडिओ कॉलवर हाच प्रश्न : "काय मग, सेट झालीस का तिकडे?" ती हसते आणि विषय बदलते.

आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे. मागच्या आठवड्यात स्लॅब पडला. सिमेंट सेट व्हायला काही तासच पुरतात. तिथे काम संपलं असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गवंड्याने स्लॅबभर छोटे छोटे वाफे करून पाणी साठवलं होतं, भातखाचरासारखं. विचारलं तर म्हणाला, "ताई, आता तर याचं पिणं सुरू झालंय." काँक्रीटची ताकद जोखायची ती 28 दिवसांनी, असा इंजिनिअर मंडळींचा रिवाज. सेट होणं ही तिथे सुरुवात असते. आकार ठरतो एवढंच. बळ त्यानंतर, पाणी पीत पीत, दिवसांमागून दिवस येत राहतं.

दह्याचंही तसंच. त्याला लागतं थोडं विरजण, थोडी ऊब आणि कुणी सारखं उघडून न बघणं. प्रश्न विचारणारे आम्ही सगळे त्या पोरीच्या भांड्याचं झाकण दर आठ दिवसांनी उघडत होतो, हे मला काल फोन ठेवल्यावर कळलं.

आज सकाळी तिचा फोटो आला. पांढऱ्या वाडग्यात चमच्याने कापलेली दह्याची वडी, कडा अगदी स्वच्छ. खाली एकच ओळ : "मावशी, दही बसलं!"

दही लागतं, विरजतं. मराठीत ते 'बसत' नाही. डब्लिनच्या स्वयंपाकघरात एका इंग्रजी शब्दाशेजारी राहून तिच्या मराठीने तो अर्थ उचलला होता. दुरुस्ती करायला बोटं शिवशिवली. पण 430 अर्थ कुणी एका दिवसात बसून ठरवले नव्हते. तेही असेच कुठल्या कुठल्या चुलीपाशी लागले असतील.

मी लिहिलं, "छान बसलंय गं." आणि झाकण पुन्हा उघडलं नाही.